दहा लाख ईमेल आणि वीस प्रश्न

‘घरी बसून बटण दाबल्याने राजकारण बदलत नाही, त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागतं.’ इंटरनेटवरच्या चळवळींचा विषय निघाला की हे ऐकायला मिळतंच. म्हणणाऱ्यांनी बहुधा मोर्चे काढलेले असतात, लाठ्या खाल्लेल्या असतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. ते दाखला देतात २०११च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनाचा. मिस्ड कॉल आणि फेसबुकने ते गावोगावी पोहोचवलं. पण त्यात मागितलेला, भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाचा कायदा २०१३च्या डिसेंबरात संसदेने मंजूर केला, आणि पहिला लोकपाल नेमला गेला तो मार्च २०१९मध्ये. पण या दाखल्याने त्यांचाच मुद्दा लंगडा पडतो. तेव्हा रामलीला मैदान भरलेलं होतं, उपोषण होतं, अटक होती. रस्ता असूनही पाच वर्षांहून अधिक काळ खुर्ची रिकामीच राहिली. त्या विलंबाचं खापर मोबाइलवर फोडता येणार नाही.

माझ्या मते खरा दाखला २०१५चा आहे. त्या मार्चमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ११८ पानांचं इंग्रजी चर्चापत्र काढलं आणि वीस प्रश्न विचारले. इंटरनेटवरची प्रत्येक सेवा दूरसंचार कंपनीने सारख्याच नियमाने पोहोचवायची, की काहींना झुकतं माप द्यायचं, हा त्यातला कळीचा मुद्दा. असली पत्रं एरवी कंपन्यांचे वकीलच वाचतात. या वेळी काही स्वयंसेवकांनी ते वाचून काढलं, वीसही प्रश्नांची उत्तरं तयार केली आणि ‘सेव्ह द इंटरनेट’ या संकेतस्थळावर ठेवली. तिथून ती ईमेलमध्ये घ्यायची, हवी तशी बदलायची, खाली आपलं नाव घालून ट्रायला पाठवायची. एआयबी या विनोदी कलाकारांच्या गटाच्या व्हिडिओने विषय घराघरांत नेला. दहा लाखांवर ईमेल गेले. कंपन्यांनी पैसे भरून आपली ॲप ग्राहकांना मोफत पोहोचवायची, अशा एअरटेल झिरो योजनेतून फ्लिपकार्टने अंग काढून घेतलं आणि लोकसभेतही हा प्रश्न गाजला.

यावर दुसरा आक्षेप येतो: ही तर झुंडशाही झाली, ज्याच्याकडे माणसं जास्त त्याचा निकाल. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचं उत्तर त्याच वर्षाच्या अखेरीस फेसबुकने नकळत देऊन ठेवलं. निवडक संकेतस्थळं मोफत देणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’ या आपल्या योजनेसाठी कंपनीने पानभर जाहिराती दिल्या, फलक लावले, आणि आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला लाखो संदेश पाठवून घेतले. पण डिसेंबरच्या नव्या चर्चापत्रात ट्रायने चार नेमके प्रश्न विचारले होते आणि या साचेबंद संदेशांत त्यांची उत्तरं नव्हती. ट्रायने कंपनीला तसं स्पष्ट कळवलं. ८ फेब्रुवारी २०१६ला नियम आला: मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी, मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. काही दिवसांतच फ्री बेसिक्स भारतात बंद झालं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक, पैसा आणि डोकी दोन्ही तिच्या बाजूला, आणि तरीही ती हरली. नुसत्या संख्येचंच राज्य असतं तर हे घडलंच नसतं.

साचा दोन्हीकडे होता, हे खरं. फरक असा की एका साच्यात विचारलेल्याचं उत्तर होतं, दुसऱ्यात फक्त पाठिंबा. सरकारी फाइलीत उत्तर नोंदवावं लागतं, पाठिंबा मोजून बाजूला ठेवता येतो. म्हणून इंटरनेटवरची चळवळ जिंकते ती अशा दाराशी, जिथे ऐकून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ट्रायच्या कायद्यात पारदर्शकतेची सक्ती आहे. जिथे असं दारच नाही, तिथे कोट्यवधी हॅशटॅगही हवेत विरतात.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. ही लढाई इंग्रजी वाचणाऱ्यांची होती. २०२०मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर तोच प्रश्न उभा राहिला, आणि तो मसुदा सगळ्या अनुसूचित भाषांत आणा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्याची जमीन प्रकल्पात जाणार, त्याला मसुदाच वाचता येत नसेल तर तो हरकत कशावर घेणार?

केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार कायद्याचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचे असतात. पुढचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीत मागा, कलम वाचा, आणि मुदतीच्या आत हरकत नोंदवा, आपल्या नावाने, आपल्या शब्दांत.