आश्रय तुटल्यावर उरते ते गाणे

कलावंताचा आश्रयदाता त्यास सोडून गेला म्हणजे त्याची कलाही त्याजबरोबर जाते काय, हा प्रश्न या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. पूर्वी आश्रय दरबाराचा असे. पेशवाई बुडाली आणि शाहिरांचा तो आधार गेला. पुढे आश्रय नाटक कंपन्यांचा, थिएटरच्या मालकांचा व ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या व्यापाऱ्यांचा झाला. आश्रयदाते पालटले, परंतु एक गोष्ट पालटली नाही. आश्रय देणारा ज्या दिवशी हिशेबाची वही मिटतो, त्या दिवशी गाणाऱ्याच्या कंठात काही बिघाड झालेला नसतो.

आम्हा नाशिककरांस हा प्रश्न परका नाही. पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, १९०८ मध्ये मुंबईस त्याची शाखा काढिली, आणि पुढे तेथे कर्ज काढून इमारत उभारिली. कर्ज फिटेना, तेव्हा ती इमारत लिलावात गेली. पंडितजी नाशिकास आले व येथील रामनाम आधार आश्रमात रामभजन आणि विद्यादान करीत राहिले. १९३१ मध्ये त्यांचे देहावसान झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ह्या मंडळाच्या परीक्षांस आपल्या घरांतील मुलेमुली आजही बसतात. विद्या हे चोरास न दिसणारे व दिल्याने वाढणारे धन आहे, असे भर्तृहरीने सांगितले आहे. त्यात सावकारासही न दिसणारे, एवढी भर घालण्यास हरकत नसावी.

परंतु पंडितजींपाशी शिष्यांचा मोठा परिवार होता, आणि समाजात त्यांस मान होता. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नसते, त्यांचे काय होते? ह्याचे उत्तर पाहावयाचे तर आपणांस वाईच्या यमुनाबाईंकडे गेले पाहिजे.

लावणी म्हटले की आपल्या घरांतून अजूनही कपाळास आठी पडते. लावणी रचणाऱ्यांत राम जोशी आणि अनंत फंदी यांसारखे ब्राह्मण होते, आणि आमच्याच सिन्नर तालुक्यातील बावी गावचा परशराम शिंपीही होता, हे आपण शाळेत शिकतो व घरी येऊन विसरतो. रचनाकारास वाङ्मयाच्या इतिहासात स्थान मिळाले, गाणारणीस मात्र उंबऱ्याबाहेर ठेविले गेले. यमुनाबाईंचा जन्म १९१५ सालचा, कोल्हाटी समाजातला. लावणीचा पहिला पाठ त्यांस आईकडूनच मिळाला. पुढे त्यांनी हिराबाई व ताराबाई यांसह ‘यमुना-हिरा-तारा’ या नावाने स्वतःची संगीत पार्टी काढिली, आणि ती महाराष्ट्रात नावारूपास आली.

त्यानंतर काळ फिरला. चित्रपटाने लावणी उचलली आणि तिला झटपट, ठसकेबाज केले. १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ आबालवृद्धांस ठाऊक आहे. प्रेक्षक तीच लावणी थिएटरात मागू लागला. यमुनाबाईंची जुन्या वळणाची गायकी मागे पडली, उत्पन्न आटले, आणि नामांकित पार्टीच्या धनिणीस अत्यंत कष्टाचे दिवस आले.

येथे थोडे थांबून, जे मागे पडले ते काय होते, हे समजून घेणे अवश्य आहे. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. एकच ओळ ती पुनःपुन्हा घेते, आणि दर खेपेस तिच्यातून निराळा भाव काढते. शब्द तेच, परंतु एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा थट्टा, आणि एकदा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांस पाणी आणणारी विरहवेदना. हिलाच अदा म्हणतात. भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असा चतुर्विध अभिनय सांगितला आहे. बसलेल्या गायिकेस पदन्यासाचे साहाय्य नसते, म्हणून तिचा सारा भार डोळे, हात आणि स्वर यांवर पडतो. एक ओळ अशी अर्धा अर्धा तास चालू शकते. आता जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, आणि चित्रपटातील गाणे त्याहून फारसे मोठे नाही. तीन मिनिटांत शब्द मावतात, चाल मावते, ठेकाही मावतो. अदा मावत नाही. म्हणजे व्यापाराने लावणीतून जे उचलले ते वरवरचे, आणि जे त्यास उचलता आले नाही ते त्याने टाकून दिले. हे टाकून दिलेलेच यमुनाबाईंपाशी शिल्लक राहिले होते.

१९७० नंतरच्या दशकात जाणत्या मंडळींस ह्याचे स्मरण झाले व शहरांतील सभागृहांतून यमुनाबाईंस पाचारण होऊ लागले. त्या वेळी त्यांनी साठीचा उंबरठा गाठला होता. ज्या वयात आपण शाळेच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देतो, त्या वयात त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. त्यांनी नवे काही शिकून घेतले नाही, चित्रपटाची नक्कल केली नाही. तीच लावणी, तीच अदा घेऊन त्या बसल्या. कथकगुरू बिरजू महाराज यांच्यासमवेत त्यांची अदाकारीची जुगलबंदीही झाली. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ मध्ये पद्मश्री त्यांस मिळाली. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी, वाई येथे त्यांचे निधन झाले.

सातासमुद्रापलीकडेही हाच न्याय दिसतो. अमेरिकेत खेड्यापाड्यांतील सुखदुःखे गाणारा ‘कंट्री’ नावाचा गीतप्रकार आहे. त्याची मोठी पेठ जे नॅशविल नगर, त्याच्या नावाचा आरंभ आमच्या नाशिकासारखा आहे, एवढाच काय तो संबंध. ह्या प्रकारातील विख्यात गायक जॉनी कॅश १९५८ पासून कोलंबिया कंपनीसाठी गात होते. खप उतरला, तेव्हा १९८६ मध्ये कंपनीने त्यांस निरोप दिला. काही वर्षांनी रिक रुबिन नावाच्या, वयाने पुष्कळ लहान असलेल्या निर्मात्याने त्यांस बोलाविले. वाद्यमेळ बाजूस सारून त्याने त्यांच्या हाती केवळ एक गिटार ठेविली, आणि मनास येईल ते गाण्यास सांगितले. १९९४ साली निघालेल्या त्या संग्रहास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. कॅश तेव्हा ६२ वर्षांचे होते. कोठे वाई आणि कोठे अमेरिका! परंतु दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. बाजाराने घातलेला साज उतरला, आणि खाली मूळचे गाणे शाबूत सापडले.

मात्र यावरून ‘खरी कला कधीतरी वर येतेच’ असे समाधान करून घेणे आम्हांस मान्य नाही. दोन्ही वेळी कोणीतरी आपण होऊन बोलाविण्यास गेले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. विठाबाई नारायणगावकर यांची गोष्ट याची साक्ष आहे. त्यांस राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, सारा महाराष्ट्र त्यांच्या फडावर लोटत असे. तरी अखेरची वर्षे हलाखीत गेली, आणि आजारपणाचा खर्च लोकांच्या देणग्यांतून भागवावा लागला. २००२ मध्ये त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देते. ते योग्यच आहे. परंतु मृताच्या नावाचा हार जिवंताच्या पोटास उपयोगी पडत नाही.

तेव्हा गृहस्थाने काय करावे? आपल्या घरी मुंज असते, षष्ट्यब्दी असते, सहस्रचंद्रदर्शन असते. मंडप व मिष्टान्न यांवर सढळ हाताने खर्च होतो. त्यातील एक सायंकाळ परिसरातील एखाद्या वृद्ध गायकास, कीर्तनकारास, शाहिरास किंवा लावणीगायिकेस द्यावी. बिदागी आधी ठरवावी, आणि ठरलेली त्याच दिवशी हाती ठेवावी. चित्रपटातील गाण्याची फर्माईश करू नये. त्यांस जे गावेसे वाटेल ते गाऊ द्यावे. घरातील मुलांस पुढे बसवावे, आणि कार्य आटोपल्यावर पाहुण्यास पंगतीत आपल्या शेजारी पाट मांडावा. ह्या शेवटच्या गोष्टीस काही घरांत अद्यापि धैर्य लागेल, हे आम्ही जाणतो. परंतु बैठकीत ज्यांच्या स्वरास आपण मान डोलावितो, त्यांस पंगतीत दूर बसविणे कोणत्या शास्त्रात बसते, ते आम्हांस आजवर कोणी दाखवून दिलेले नाही.

व्यापारी आपली वही मिटतील. तो त्यांचा धंदाच आहे. श्रोत्याने आपले दार मिटू नये.