छोटे लग्न म्हणजे नाती टाळणे नव्हे



समुद्रकिनारी मोजक्या माणसांत लग्न करणारी जोडपी नातेवाइकांना टाळतात, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा आरोप मला मुळीच मान्य नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा पुनर्विवाह दापोलीजवळच्या मुरूडला, सुरूच्या बनात झाला. तिचा मुलगा दहावीत, भावोजींची मुलगी सहावीत. दोघांनाही नव्या घराची धास्ती होती. मोठ्या कार्यालयात ती मुले आहेराच्या रांगेमागे हरवली असती. इथे अंतरपाट त्यांनीच धरला. वाऱ्याने तो फडफडू लागला, तेव्हा मुलीने आपले टोक मनगटाला गुंडाळले आणि मुलाने तिच्या उंचीला हात खाली आणला. भावोजींच्या दिवंगत पत्नीचे आईवडील अगदी पुढे बसले होते. आठशे पानांच्या पंगतीत त्यांची विचारपूस करायला कोणाला सवड मिळाली असती?

गावही विचारपूर्वक निवडले होते. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा याच मुरूडने त्यांना वाळीत टाकले होते. माणसे जमली की नाती जपली जातातच, असे नाही.

कायदाही गर्दी मागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवस आधीची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात.

घाटातला प्रवास थोरल्या आत्याला झेपणारा नव्हता, ही खंत होतीच. पुढच्याच आठवड्यात चौघेही साताऱ्याला तिच्या पाया पडायला गेले आणि मुक्कामालाही राहिले.

– एक वाचक, पुणे