मॉरिशसचे दप्तर खुले व्हावे

मॉरिशसमध्ये सरकार बदलले की मावळत्या पंतप्रधानांच्या दारात पोलीस येतात, हे 2015 पासून दोनदा घडले. 2014 च्या डिसेंबरात नवीन रामगुलाम हरले आणि 2015 च्या फेब्रुवारीत त्यांना अटक झाली; घरझडतीत मोठी रोकड सापडली. 2024 च्या नोव्हेंबरात प्रविंद जगन्नाथ हरले आणि 2025 च्या फेब्रुवारीत काळा पैसा पांढरा केल्याच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. दोघांनीही आरोप नाकारले. रामगुलाम पुढे पुन्हा निवडून आले आणि पंतप्रधान झाले. जगन्नाथ यांच्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील. आमची चिंता त्याआधीची आहे. कारभार चालू असताना त्याचा हिशेब मागण्याची सोय सामान्य नागरिकाला नसते, म्हणून तो सत्ता गेल्यानंतर पोलिसांकरवी मागितला जातो. असा उशिरा मागितलेला हिशेब खरा असला तरी अर्ध्या देशाला तो सूडच वाटतो.

जेमतेम साडेबारा लाख वस्तीच्या या बेटावर 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये 13.8 लाख पर्यटक आले, म्हणजे घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त. हॉटेले, टॅक्सी, नौका, भाजीवाले, मासेमार, विमानतळावरचे हमाल अशा कितीतरी घरांची चूल या पाहुण्यांवर पेटते. आपल्याला हा देश परका नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या ऊसमजुरांचे वंशज तिथे आजही मराठी शिकतात, गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. तिथल्या माणसांना ज्या गोष्टीचा घोर लागतो, तो आपल्यालाही थोडा लागायला हवा.

पर्यटनावर जगणाऱ्या देशात सरकारला एक सबब कायम हाताशी असते: देशाची प्रतिमा. बोभाटा झाला तर पाहुणे फिरकणार नाहीत, असे म्हटले की प्रश्न विचारणाराच देशाचे नुकसान करणारा ठरतो. या सबबीची किंमत काय असते, हे 2020 च्या जुलै-ऑगस्टात दिसले.

25 जुलै 2020 च्या संध्याकाळी ‘वाकाशियो’ हे सुमारे 300 मीटर लांबीचे जपानी मालकीचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्वांत देस्नीजवळच्या प्रवाळ खडकांवर चढले. जहाजात माल नव्हता, पण सुमारे चार हजार टन इंधन होते. शेजारीच ब्लू बेचे सागरी उद्यान, पाणथळ जमिनी आणि दुर्मीळ पक्षी व झाडे जिवापाड जपलेले इल ओ एग्रेत हे छोटे बेट. जहाज किनाऱ्यावरून साध्या डोळ्यांनी दिसत होते. मासेमार विचारत होते, पर्यावरण संस्था विचारत होत्या, की तेल बाहेर काढायला कधी सुरुवात होणार. परिस्थिती आटोक्यात आहे, असा दिलासा सरकार देत राहिले. बारा दिवस असे गेले. 6 ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे हजार टन काळे, चिकट तेल खाजणात पसरले. दुसऱ्या दिवशी पर्यावरण आणीबाणी जाहीर झाली. समुद्र खवळलेला होता, तज्ज्ञांनी थांबायला सांगितले होते, असा बचाव पुढे आला. त्यात तथ्य असेलही. पण तज्ज्ञांनी नेमके काय सांगितले, कोणत्या दिवशी सांगितले आणि कोणी काय ठरवले, हे कागद तेव्हाच लोकांसमोर असते, तर बारा दिवस फुकट गेले नसते किंवा निदान ते का गेले हे कळले असते.

त्यानंतर जे झाले ते त्या देशाच्या इतिहासात राहील. जवळच्या माहेबूरच्या धक्क्यावर माणसे गोळा झाली. शेतांतून उसाचे पाचट आणले गेले. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवून त्यांत ते ठासून भरले, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला या माळा पाण्यात सोडल्या. केस तेल शोषून घेतात म्हणून लोकांनी केस कापून दिले. कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन बायाबापड्या, कॉलेजची मुले, हॉटेलांतले बेकार कर्मचारी कमरेइतक्या पाण्यात उभे होते. कोविडमुळे सीमा बंद होत्या आणि हॉटेले रिकामी होती. हे काम अधिकाऱ्यांवर सोडा, असे सरकारने सांगितले. लोकांनी ऐकले नाही, आणि ते त्यांनी योग्यच केले. ज्या ऊसमळ्यांत त्यांचे पणजोबा राबले, तिथलेच पाचट त्यांनी समुद्र वाचवायला वापरले. 15 ऑगस्टला जहाज दुभंगले. पुढे डॉल्फिन मरून किनाऱ्याला लागू लागले आणि 29 ऑगस्टला राजधानी पोर्ट लुईत काळे कपडे घालून प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चेकऱ्यांची संख्या कोणी पन्नास हजार सांगितली, कोणी लाख. त्या देशाच्या मानाने दोन्ही आकडे थक्क करणारे आहेत. दोनच दिवसांनी ‘सर गाएताँ’ ही टगबोट बुडून तिच्यावरचे काही कर्मचारी प्राणाला मुकले, आणि दुःखात आणखी एका प्रश्नाची भर पडली.

जहाजाच्या भारतीय कप्तानाला आणि त्याच्या सहकाऱ्याला 2021 च्या डिसेंबरात वीस महिन्यांची शिक्षा झाली. वाढदिवसाच्या मेजवानीच्या वेळी मोबाइलचे सिग्नल मिळवण्यासाठी जहाज किनाऱ्याजवळ नेऊन नौकानयन धोक्यात आणले, हा त्यांचा गुन्हा शाबीत झाला. जहाज खडकावर कोणी चढवले, याचे उत्तर न्यायालयाने दिले. चढल्यानंतरच्या बारा दिवसांचे उत्तर मंत्र्यांनी आणि खात्यांनी द्यायचे होते. एकाही मंत्र्याला त्यासाठी पद सोडावे लागले नाही.

मतदारांनी मात्र संधी मिळताच हिशेब चुकता केला. 2024 च्या ऑक्टोबरात राजकारणी, पोलीस, वकील, पत्रकार यांच्या फोनवरील संभाषणांच्या ध्वनिफिती समाजमाध्यमांवर फुटू लागल्या. हे फोन कोणी आणि कोणाच्या हुकमाने ऐकले, याचा खुलासा करण्याऐवजी मतदानाच्या तोंडावर समाजमाध्यमेच बंद करण्याचा आदेश निघाला. ओरड इतकी झाली की दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा लागला. 10 नोव्हेंबरच्या मतदानात थेट निवडून द्यायच्या 62 जागांपैकी 60 रामगुलाम यांच्या आघाडीला मिळाल्या. खुद्द जगन्नाथ आपल्या मतदारसंघात पडले.

इतका दणदणीत निकाल पाहून अनेकांना वाटले की लोकशाहीने आपले काम केले. आम्हाला ते अर्धेच झालेले दिसते. 1968 मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून, 2003 ते 2005 या काळातले पॉल बेराँजे सोडले, तर पंतप्रधानपद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोनच घराण्यांत फिरत राहिले आहे. 2017 च्या जानेवारीत तर अनिरुद्ध जगन्नाथ यांनी निवडणुकीविना ते पद मुलाच्या हाती दिले. मतदार पाच वर्षांनी माणसे बदलतो. खात्यांच्या कपाटांना लागलेली कुलुपे तीच राहतात.

किनाऱ्याचेच बघा. समुद्राच्या भरतीरेषेपासून आतला सुमारे 81 मीटरचा पट्टा सरकारी मालकीचा. तिथे त्याला ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात. तोच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हॉटेलांना आणि बंगल्यांना दिला जातो. वाळूवर प्रत्येकाचा हक्क आहे खरा, पण तिथवर जायची वाट दोन हॉटेलांच्या भिंतींमधून जाते. दक्षिणेकडे पोमपोनेत इथे सार्वजनिक किनाऱ्याचा दर्जा काढून तो हॉटेलसाठी द्यायचे ठरले, तेव्हा ‘आमचे किनारे चोरू नका’ अशी घोषणा देत लोक रस्त्यावर उतरले. रविवारी डबे घेऊन सहकुटुंब समुद्रावर जायचे, हा तिथल्या गरिबाचा एकमेव फुकटचा विसावा आहे. पट्टा कोणाला, किती भाड्याने, कोणत्या अटींवर दिला, हे त्याला कुंपण पडल्यावर कळावे, हा अन्याय आहे. पाण्याचीही तीच गत. नळाला पाणी येण्याच्या वेळा ठरलेल्या, आणि जुन्या जलवाहिन्यांतून निम्म्याच्या आसपास पाणी वाटेतच नाहीसे होते; का, ते नागरिकाला कळत नाही.

नव्या सरकारने आल्या आल्या, 2024 च्या डिसेंबरात, आधीच्या सरकारने विकासदराचे आणि कर्जाचे आकडे फुगवून-लपवून दाखवल्याचा अहवाल संसदेत मांडला. 2025 च्या जूनमधील अर्थसंकल्पात तिजोरीची ही अवस्था पुढे करून वार्धक्य निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने 60 वरून 65 वर नेण्याचे जाहीर केले. लोक पुन्हा रस्त्यावर आले. ज्यांनी आकडे लपवले असतील त्यांना शिक्षा व्हावी, पण लपवालपवीची भरपाई साठीला टेकलेल्या मोलकरणीने का करायची? आणि आजच्या सरकारचे आकडे खरे आहेत हे तिने कशाच्या आधारे मानायचे?

याचे उत्तर माहितीच्या अधिकारात आहे. मॉरिशसमध्ये शासकीय गुपिते जपणारा कायदा आहे. नागरिकाला कागद मागण्याचा हक्क देणारा कायदा मात्र 2024 च्या निवडणुकीपर्यंत एकाही सरकारने केला नाही. 2014 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने तो करण्याचे वचन दिले होते आणि दहा वर्षे ते तसेच पडून राहिले. 2024 मध्ये तेच वचन रामगुलाम यांच्या आघाडीने दिले. संसदेत विरोधक नावाला उरले असताना हा कायदा अडवणारे कोणी नाही. अडथळा असलाच तर तो इच्छेचा.

असा कायदा काय करू शकतो, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. आपल्याकडे राज्याचा कायदा 2002 मध्ये आणि केंद्राचा 2005 मध्ये आला. कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीचे बिंग फोडण्यात त्याच कायद्याखाली मिळवलेल्या कागदांचा मोठा वाटा होता, आणि 2010 मध्ये एका मुख्यमंत्र्याला पायउतार व्हावे लागले. तीही समुद्राकाठचीच जमीन होती. कायदा करून थांबले तर काय होते, हेही महाराष्ट्रच सांगेल: 2024 मध्ये राज्य माहिती आयोगापुढे लाखावर अपिले व तक्रारी पडून होत्या. म्हणून मॉरिशसने कायद्यातच उत्तराची मुदत, आयुक्तांच्या पुरेशा जागा आणि टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड लिहून ठेवावा. किनाऱ्याचे सर्व भाडेपट्टे, जलवाहिन्यांची कंत्राटे आणि ‘वाकाशियो’च्या त्या बारा दिवसांतील बैठकांची इतिवृत्ते कोणी न मागताच प्रसिद्ध करावीत.

या जबाबदारीतला एक भाग भारताच्याही पदरात येतो आणि तो आपण टाळता कामा नये. 2022 मध्ये मॉरिशस टेलिकॉमचे मुख्याधिकारी शेरी सिंग यांनी राजीनामा दिला. बे द्यू जाकोते इथल्या समुद्राखालच्या केबलच्या केंद्रात भारतीय तंत्रज्ञांच्या पथकाला प्रवेश देण्यासाठी पंतप्रधानांनी दबाव आणला, असा त्यांचा आरोप होता. ते फक्त सर्वेक्षण होते, असे जगन्नाथ यांचे म्हणणे. मुख्य बेटापासून सुमारे 1,100 किलोमीटर उत्तरेला असलेल्या अगालेगा या मॉरिशसच्याच बेटावर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधून दिला. 29 फेब्रुवारी 2024 रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्यांचे उद्घाटन केले. हिंदी महासागरात भारताला सजग राहावे लागते, हे आम्ही जाणतो. लष्करी तपशील उघड करा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण 2015 च्या ज्या कराराखाली हे बांधकाम झाले, त्याच्या अटी तिथल्या संसदेतही मांडल्या गेल्या नाहीत. अगालेगावर जेमतेम तीनशे माणसे राहतात. धावपट्टी त्यांच्या रुग्णांसाठी, त्यांच्या सोयीसाठी आहे, असे त्यांना सांगितले गेले. ती कोणाच्या ताब्यात राहील, विमान कधी येईल, त्यांना बेटावर पुढेही राहता येईल का, हे त्यांनी वारंवार विचारले आहे. दिल्लीने या करारातील नागरी भाग प्रसिद्ध करायला आपली हरकत नसल्याचे पोर्ट लुईला लेखी कळवावे, आणि पोर्ट लुईने तो क्रिओल भाषेत छापून अगालेगाच्या घराघरांत पोचवावा.