अटेंडन्स, घोडा आणि राष्ट्राध्यक्ष

आपल्या होस्टेलवर वर्षातून दोनदा तरी "आता आंदोलनच करायचं" अशी घोषणा होते. एकदा मेसच्या डाळीवरून आणि एकदा डिटेन लिस्ट लागली की. रात्री साडेबाराला कॉरिडॉरमध्ये चाळीस जण जमतात, एक वाजता वीस उरतात, आणि सकाळी रेक्टर सरांच्या केबिनबाहेर दोघंच उभे असतात. त्यातला एक नो ड्यूजवर सही घ्यायला आलेला असतो! म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटली. एका देशात लाखो लोक महाभियोगाची मागणी घेऊन रस्त्यावर आले, राष्ट्राध्यक्षांना पद सोडावं लागलं, आणि या सगळ्याचं एक टोक चक्क एका मुलीच्या अटेंडन्सपाशी होतं.

देश दक्षिण कोरिया, साल २०१६. सोलमध्ये इह्वा नावाचं मुलींचं जुनं, मानाचं विद्यापीठ आहे. जुलैअखेर तिथल्या मुलींनी मुख्य इमारतीत ठिय्या मांडला. कारण राजकीय अजिबात नव्हतं. नोकरदारांसाठी वेगळं कॉलेज काढून पदव्या द्यायची योजना विद्यापीठ कुणाला न विचारता रेटतंय, एवढंच त्यांचं म्हणणं. दोनेकशे मुलींना हलवायला १६०० पोलीस आत आले. मुली एकमेकींच्या हातात हात अडकवून एका पॉप ग्रुपचं गाणं म्हणत बसल्या. योजना रद्द झाली, तरी त्या उठल्या नाहीत. कुलगुरूंनी जावं, ही त्यांची पुढची मागणी.

आणि मग दुसरंच लफडं बाहेर आलं. घोडेस्वारीच्या जोरावर प्रवेश मिळालेली एक मुलगी वर्गात फारशी फिरकतच नाही, तरी पास होते. प्रवेशाच्या वेळी जे पदक धरलं, ते तिने अर्जाची मुदत संपल्यावर जिंकलेलं. तिची आई चोई सून-सिल. या बाईंकडे कुठलंही सरकारी पद नाही, पण राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांची कित्येक वर्षांची जवळची मैत्रीण. १९ ऑक्टोबरला कुलगुरूंनी राजीनामा दिला. २४ तारखेला एका वाहिनीने चोईबाईंचा म्हणून एक टॅब्लेट दाखवला, त्यात राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांचे मसुदे. २९ ऑक्टोबरच्या शनिवारी पहिली मोठी मेणबत्ती सभा झाली.

आता पैशाचा घोटाळाही होताच. आपल्यातल्या निम्म्यांच्या खिशात ज्या सॅमसंगचा फोन आहे, त्या सॅमसंगने या मुलीसाठी घोडे पुरवले आणि ती लाचच होती, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे २०१९ मध्ये ठरवलं. पण मला वाटतं, कोट्यवधींचे आकडे ऐकून माणूस फक्त "बाप रे" म्हणतो आणि चहा प्यायला लागतो. अटेंडन्सचं तसं नाही. ज्या देशात प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजी ऐकण्याच्या पेपरला आवाज होऊ नये म्हणून विमानांची उड्डाणं थांबवतात, त्या देशात मागच्या दाराने मिळालेली सीट प्रत्येक घराला टोचते. त्या वर्षी परीक्षा झाली १७ नोव्हेंबरला, आणि १९ तारखेच्या सभेला परीक्षा देऊन मोकळी झालेली पोरंपोरी हजर! (आपण सबमिशन संपलं की काय करतो ते इथे लिहीत नाही.)

त्यात जुनी जखमही होती. २०१४ मध्ये सेवोल जहाज बुडालं, ३०४ जण गेले, त्यातले बहुतेक सहलीला निघालेले शाळकरी विद्यार्थी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष तासन् तास काय करत होत्या, हा प्रश्न लोक विसरले नव्हते.

दर शनिवारी ग्वांगह्वामुन चौक भरायचा, आणि फक्त सोलच नाही, गावोगाव. ३ डिसेंबरला देशभरात २३ लाख लोक आले असं आयोजक म्हणाले. पोलिसांचा आकडा बराच कमी, पण तोही चार लाखांच्या वर. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला की वारा आला की मेणबत्ती विझते. झालं, लोक एलईडीच्या मेणबत्त्या घेऊन आले. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) मोर्चा राष्ट्राध्यक्षांच्या निवासाजवळ किती जाऊ द्यायचा, यावर दर आठवड्याला कोर्टात वाद. २६ नोव्हेंबरला २०० मीटरपर्यंत परवानगी मिळाली, ३ डिसेंबरला १०० मीटरपर्यंत. भिंतीवर चढून जाता आलं असतं. लोक कोर्टात गेले, परवानगी घेतली, आणि तेवढंच पुढे सरकले. मला या आंदोलनातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर हे.

आमच्या रूम पार्टनरचं म्हणणं वेगळं. "निवडून दिलेल्या माणसाला गर्दी काढणार असेल तर निवडणूक कशाला घ्यायची?" प्रश्न बरोबर आहे. पण पार्कबाईंना गर्दीने काढलं नाही. ३०० च्या संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात. ९ डिसेंबरला २३४ पडली, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे साठेक जण फुटले. त्यांना फुटायला लावलं ते शनिवारांनी. त्यानंतर घटना न्यायालयाने तीन महिने घेतले आणि १० मार्च २०१७ ला आठही न्यायाधीशांनी एकमताने पदमुक्त केलं. (निकाल वाचणाऱ्या न्यायाधीशबाई त्या सकाळी केसांतले रोलर काढायला विसरून तशाच कोर्टात आल्या होत्या. व्हायवाच्या दिवशी आपलं होतं तसंच.) आणि मुख्य म्हणजे, सेवोलच्या दिवशीचा हलगर्जीपणा हे पदावरून काढायचं कारण होऊ शकत नाही, असं त्याच कोर्टाने सांगितलं. चौकातलं सगळ्यात मोठं दुःख कोर्टाने कारण म्हणून धरलं नाही! गर्दीचं राज्य असतं तर असा निकाल लिहायची कुणाची हिंमत झाली असती?

हे कोर्टही आभाळातून पडलेलं नाही. १९८७ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, काहींचा जीव गेला, तेव्हा राज्यघटना बदलली आणि त्यातून ते आलं.

तरी सगळं गोडगोड आहे असं कुणी समजू नये. पार्कबाईंच्या बाजूनेही मोठे मोर्चे निघाले, आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या समर्थकांच्या निदर्शनात माणसं दगावली. २२ वर्षांची शिक्षा लागलेल्या पार्कबाईंना डिसेंबर २०२१ मध्ये माफीही मिळाली. आणि त्या प्रकरणाचा तपास करणाऱ्या खास पथकातला मुख्य माणूस यून सुक-योल २०२२ मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री काय करावं? मार्शल लॉ पुकारला!

खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत शिरले आणि मध्यरात्रीनंतर १९० विरुद्ध शून्य मतांनी तो फेटाळला. बाहेर कडाक्याच्या थंडीत लोक सैनिकांच्या गाड्यांपुढे उभे. पुन्हा महाभियोगाची मागणी, पुन्हा चौक. या वेळी मेणबत्तीऐवजी पॉप गायकांच्या मैफलीतल्या लाइटस्टिक, आणि आठ वर्षांपूर्वी इह्वाच्या मुलींनी म्हटलेलं तेच गाणं. एका झेंड्यावर चक्क 'घरी लोळत पडणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना' असं लिहिलेलं. (आपल्या बी विंगमध्ये तिची शाखा केव्हाच निघालेली आहे.) ७ डिसेंबरला सत्ताधारी सभात्याग करून गेले आणि ठराव पडला. लोक घरी गेले नाहीत. १४ तारखेला २०४ मतांनी तो मंजूर झाला.

४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने यूनना पदमुक्त केलं, पुन्हा आठच्या आठ. संसद त्या रात्री मार्शल लॉ इतक्या लवकर उठवू शकली, ती नागरिकांच्या प्रतिकारामुळे आणि सैनिक व पोलीस हुकूम पाळताना कचरल्यामुळे, असं निकालपत्रातच नमूद आहे. रूम पार्टनरला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण सैनिक कचरले नसते तर?" लाइट घालवली तरी बराच वेळ आम्ही दोघं यावरच बोलत होतो.