सालवनांचा ऱ्हास : दोष केवळ किड्याचा नव्हे

उभे अरण्य वाळू लागले की, एखादा अपराधी शोधून सारा दोष त्याच्या माथी मारण्याचा मोह होतो. मध्य भारतातील सालवनांत हा अपराधी म्हणजे सालवृक्षाचा खोडकिडा होय. १९९७-९८ मध्ये मध्य प्रदेशातील मंडला-दिंडोरीच्या परिसरात त्याने लक्षावधी वृक्ष ग्रासले. कोणते वृक्ष तोडावेत आणि कोणते राखावेत, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तथापि किडा हे या ऱ्हासाचे एक कारण होय, संपूर्ण कारण नव्हे.

पहिल्या पावसाबरोबर या किड्याचे भुंगेरे खोडातून बाहेर पडतात. मादी खोडाच्या सालीतील भेगांत अंडी घालते. अळ्या पुढे लाकूड पोखरीत जातात व बुंध्याशी भुसा साचतो. निकोप वृक्ष राळ स्रवून पुष्कळशा अळ्यांचा नाश करितो. अवर्षणाने वा वार्धक्याने क्षीण झालेल्या वृक्षास हे साधत नाही. शिवाय पावसाळ्यात रानात पडून राहिलेल्या ताज्या ओंडक्यांतही किडा वाढतो. म्हणजे साथीस माणसाची हयगयही हातभार लावीत असते.

साथ आली की दोन टोकांची मते ऐकू येतात. कीड लागलेला प्रत्येक वृक्ष तोडावा, हे एक. एकाही वृक्षास हात लावू नये, हे दुसरे. दोन्ही अग्राह्य होत. पुरता पोखरलेला वृक्ष पावसाळ्यापूर्वी रानाबाहेर काढलाच पाहिजे, अन्यथा त्यातून नवी पिढी बाहेर पडते. परंतु थोडी कीड लागलेला वृक्ष सावरू शकतो. त्याची तोड करणे म्हणजे रान उघडे पाडणे होय. आणि सालाचे बी झाडावरून पडल्यावर थोडेच दिवस जिवंत राहत असल्याने गेलेले सालवन पुन्हा उभारणे कठीण असते.

खरा उपाय जुनाच आहे. पावसाळ्याच्या आरंभी मोजके सालवृक्ष तोडून त्यांचे ओंडके ठेचून ठेवावयाचे. रसाच्या वासाने भुंगेरे तेथे जमतात आणि रानातील मजूर ते वेचून नष्ट करितात. या कामास विषारी औषध लागत नाही. लागते ते सातत्य. किडा विरळ असलेल्या वर्षीही हे काम चालले पाहिजे, आणि नेमक्या त्याच वर्षी ते अनावश्यक वाटते. पाने, बी व राळ यांसाठी ज्यांची भिस्त सालवनावर आहे, त्यांना या काटकसरीची किंमत मोजावी लागते. वनरक्षणाचा खर्च मेलेल्या वृक्षांची गणती करण्यावर न होता, जिवंत वृक्षांच्या राखणीवर व्हावयास हवा.