निवृत्तीचा दिवस कोणी ठरवावयाचा?

हॉकीची एखादी मोठी स्पर्धा तोंडावर आली, की भारतीय संघाची यादी प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधी दुसरीच एक यादी लोकांच्या तोंडी फिरू लागते. ती असते जाणाऱ्यांची. अमुक आता पुरे म्हणणार, तमुक ऑलिंपिकपर्यंत थांबणार, तिसऱ्याला म्हणे खासगीत सुचविण्यात आले आहे पण तो मनावर घेत नाही, अशी चर्चा चहाच्या दुकानापासून लोकलच्या डब्यापर्यंत रंगते. तिशी ओलांडलेला खेळाडू एका सामन्यात बाहेर बसला, तर त्याचा गुडघा, त्याचे प्रशिक्षकाशी असलेले संबंध आणि त्याच्या नोकरीतील बढती ह्या तिन्हींचा हिशेब त्यात मांडला जातो. आम्ही वृत्तपत्रवाले ह्या उद्योगापासून अलिप्त आहोत, असा दावा आम्ही करणार नाही. ‘समजते’ आणि ‘कळते’ ह्या दोन क्रियापदांच्या आधारावर क्रीडापृष्ठांनी कित्येक खेळाडूंना त्यांच्या नकळत निवृत्त करून टाकले आहे.

ह्या कुजबुजीबद्दल चाहत्यांना दोष देण्याची प्रथा पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. आम्ही पूर्वी शाळेत शिकवीत असू. तेथे मास्तर नोकरीवर रुजू झाला, की त्याच्या सेवापुस्तिकेत जन्मतारीख लिहिली जाई आणि त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीखही ठरून जाई. शेवटच्या दिवशी शाल, नारळ, दोन भाषणे आणि मुलांना अर्धी सुट्टी. त्याबद्दल तर्क लढविण्याची कोणास गरजच पडत नसे. खेळाडूच्या सेवापुस्तिकेत असा रकाना नाही. त्याच्या वाट्याला नारळ येतो, तोही बहुधा वेगळ्याच अर्थाने. त्याचे वय त्याच्या पायांत असते आणि निवड समितीच्या मनात असते; पैकी पाय त्याचे त्याला कळतात, निवड समितीचे मन मात्र कळत नाही. जेथे बोलावयास हवे तेथे मौन असले, की इतरत्र बडबड होणारच.

पुणेकरांना हे निराळे सांगावयास नको, कारण ह्या मौनाचे सर्वांत कडू फळ आमच्याच खडकीच्या माणसाने चाखले आहे. धनराज पिल्लेचा जन्म १९६८ सालचा. वडील मैदानाची निगा राखणारे. घर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत. मोडक्या स्टिका जोडून खेळणारी ती भावंडे होती. (थोर खेळाडूचा उल्लेख एकेरीत केल्याबद्दल कोणी रागावू नये. घरच्या माणसाला आपण अहो-जाहो करीत नाही.) १९८९ साली तो भारताकडून खेळू लागला आणि पुढल्या पंधरा वर्षांत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडास्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळला. ह्या चौकड्यांचे कौतुक नेहमी होते. त्यांतील एका चौकडीचा तपशील मात्र फारसा कोणी सांगत नाही: बार्सिलोनात सातवा, अटलांटात आठवा, सिडनीत सातवा, अथेन्समध्ये सातवा. १९८० च्या सुवर्णपदकानंतर ऑलिंपिकचे पुढले पदक भारताला मिळाले ते २०२१ मध्ये, आणि धनराजची सारी कारकीर्द त्या ४१ वर्षांच्या दुष्काळात गेली. सिडनीत पोलंडविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी बरोबरी झाली आणि उपांत्य फेरीचे दार लागले, तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल.

१९९८ साली बँकॉक येथे धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदक ३२ वर्षांनी परत आणले. अशा संघाचे काय व्हावे? कर्णधार आणि त्याच्याबरोबरचे काही ज्येष्ठ खेळाडू पुढच्या संघातून वगळण्यात आले. कारण सांगण्यात आले ते विश्रांतीचे. खेळाडूंनी मानधनाविषयी तोंड उघडले होते, हे सर्वांस ठाऊक होते. तेव्हा ह्या विश्रांतीचा अर्थ लावावयास लोकांस वेळ लागला नाही. धनराजच्या भवितव्याविषयी तर्कवितर्क सुरू झाले ते तेव्हापासून. तो परतला. चौतिसाव्या वर्षी, २००२ च्या कोलोन येथील चॅम्पियन्स ट्रॉफीत तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३ मध्ये क्वालालंपूर येथे अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ असे हरवून भारताने आशिया चषक प्रथमच जिंकला, तेव्हाही कर्णधार तोच होता. तरीही एक वर्ष लोटले नाही तोच, अथेन्सच्या संघात तो असणार की नसणार ह्यावर महिनोन्महिने पैजा लागत राहिल्या.

तो गेला. ऑलिंपिकच्या अगदी तोंडावर प्रशिक्षक बदलला, परदेशी गृहस्थ आले, आणि छत्तीस वर्षांचा हा आघाडीवीर बहुतांश वेळ बाकावर बसून राहिला. सातव्या स्थानासाठी कोरियाशी झालेल्या अखेरच्या सामन्यातही त्याच्या वाट्याला मैदानावरचा फार थोडा वेळ आला. सामना भारताने ५-२ असा जिंकला. धनराज रडत होता. प्रशिक्षकाचा निर्णय खेळाच्या दृष्टीने चूक होता असे आम्ही म्हणत नाही. छत्तिसाव्या वर्षी आघाडीवर धावणे ही कृत्रिम मैदानावरील आधुनिक हॉकीत सोपी गोष्ट नव्हे. आमचा प्रश्न इतकाच, की अथेन्सला निघण्यापूर्वी कोणी त्याला समोर बसवून, ‘तू येशील तर बाकावर बसशील, पत्कर किंवा सोड,’ असे सांगितले होते काय? सांगितले असते, तर निवड त्याची झाली असती. अथेन्सनंतर भारताच्या पोशाखात तो पुन्हा दिसला नाही. ज्या महाराष्ट्राने २०१३ साली वानखेडेवर सचिन तेंडुलकरला महिनाभर आधी तारीख जाहीर करून, २०० व्या कसोटीनंतर खेळपट्टीला नमस्कार करून परतताना पाहिले, त्याच महाराष्ट्राला धनराजच्या निरोपाची तारीख आठवत नाही. कारण ती नव्हतीच.

नंतरच्या काळात सुधारणा झाली असे वाटत असेल, तर २०१८ आठवावे. सरदार सिंग राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळला गेला, पुन्हा घेतला गेला, टोकियो ऑलिंपिकपर्यंत खेळण्याची इच्छा त्याने जाकार्तात बोलून दाखविली, आणि सप्टेंबरात सराव शिबिराच्या यादीत त्याचे नाव नव्हते. निवृत्तीची बातमी त्याच सुमारास आली. रुपिंदरपाल सिंग आणि बिरेंद्र लाक्रा ह्यांनी सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस, टोकियोच्या कांस्यपदकानंतर दोनच महिन्यांनी, एकाच दिवशी निरोप घेतला. आठ महिन्यांच्या आत, मे २०२२ मध्ये, आशिया चषकाच्या संघाचा कर्णधार म्हणून नाव जाहीर झाले ते रुपिंदरपालचे! त्याला दुखापत झाली, तेव्हा नेतृत्व लाक्राकडे आले. नव्या मुलांना जागा देण्यासाठी आपण जात आहोत असे जो सांगून गेला, त्यालाच नव्या मुलांचा कर्णधार करावयाचे, तर मग लोकांनी कोणत्या निवृत्तीवर विश्वास ठेवावा?

राणी रामपालची गोष्ट अधिक बोचते. शाहबादच्या एका गाडीवानाची ही मुलगी चौदाव्या वर्षी भारताकडून खेळू लागली आणि २०२१ मध्ये टोकियोत तिच्या संघाने चौथे स्थान मिळविले. भारतीय महिलांनी ऑलिंपिकमध्ये त्यापूर्वी एवढी मजल क्वचितच मारली होती. त्यानंतर दुखापती आल्या, संघाबाहेर राहणे आले, २०२३ च्या आरंभी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात ती परतली, आणि पुन्हा नाव दिसेनासे झाले. त्याच वर्षी तिला लहान मुलींच्या संघाची प्रशिक्षक नेमण्यात आले. आपण निवृत्त झालेलो नाही, असे ती सांगत होती. नेमणूक मात्र निराळेच काही सुचवीत होती. असा तीन वर्षांचा काळ गेल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत तिने निरोप घेतला. त्या वेळी तिला तीसही पुरी नव्हती. तिचा २८ क्रमांकाचा सदरा पुढे कोणास न देण्याचे जाहीर झाले, सत्कार झाला, सर्व काही रीतसर झाले. पण त्या तीन वर्षांत तिच्याविषयी जेवढे तर्क झाले, त्यांतील एकालाही स्पष्ट उत्तर देण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

ह्या सर्वांच्या विरुद्ध टोकाला श्रीजेश उभा आहे. २२ जुलै २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकला काही दिवस उरले असताना, ही आपली शेवटची स्पर्धा असे त्याने सांगून टाकले. त्या क्षणापासून कुजबूज थांबली आणि लोक खेळ पाहू लागले. उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले, उरलेला संघ दहा जणांनिशी झुंजला, १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउट आला, आणि गोलरक्षकाने तो ४-२ असा राखून दिला. ८ ऑगस्टला स्पेनवर २-१ असा विजय आणि लागोपाठ दुसरे कांस्यपदक. असे सलग पदक भारताला १९७२ नंतर मिळाले नव्हते. आठवडाभरात त्याचा १६ क्रमांकाचा सदरा वरिष्ठ संघातून निवृत्त झाला आणि कनिष्ठ संघाची जबाबदारी त्याच्याकडे आली. श्रीजेशचे वय त्या दिवशी ३६ होते. अथेन्समध्ये धनराजचेही ३६ होते.

येथे कोणी म्हणेल, गोलरक्षकाची आणि आघाडीवीराची तुलना करू नका. मान्य. गोलरक्षकाला वयाबरोबर शहाणपण येते, आघाडीवीराचे वय त्याच्या मांड्यांतून बोलते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑलिंपिकच्या संघात सोळाच खेळाडू असतात आणि पॅरिसच्या सोळांत गोलरक्षक एकटा श्रीजेश होता. कृष्ण बहादूर पाठक राखीवांत. ज्येष्ठ खेळाडूने थांबावयाचे ठरविले नाही, की कोणा तरुणाची उमेदीची वर्षे बाकावर जातात. मग तारीख ठरविण्याचा अधिकार ज्येष्ठाला कसा द्यावा?

ह्यात दोन गोष्टींची गल्लत होते. संघातील जागा ही खेळाडूची मालमत्ता नव्हे. ती निवड समितीने द्यावयाची आणि समितीनेच काढून घ्यावयाची. त्यात वयाची, कीर्तीची, सदऱ्यावरील क्रमांकाची भीड धरण्याचे कारण नाही. परंतु ‘मी आता थांबतो’ हे वाक्य खेळाडूचे आहे. ते त्याच्या तोंडून यावयाचे, तर जागेविषयीचा समितीचा विचार त्याला आधी कळला पाहिजे. आमच्याकडे नेमके उलटे घडते. जागेविषयी कोणी बोलत नाही, यादीतून नाव गळते, आणि मग खेळाडूने स्वतःहून निवृत्ती पत्करली असे दाखविण्यात सर्वांस सोय वाटते.

हॉकी इंडियाने आणि तिच्या निवड समितीने ह्यासाठी काही मोठी योजना आखण्याची आवश्यकता नाही. विश्वचषक किंवा ऑलिंपिकसाठी जेव्हा शिबिर भरते, तेव्हा संघातील ज्येष्ठांपैकी प्रत्येकाला प्रशिक्षकाने व समितीच्या एका सदस्याने एकदा बोलवावे. तू आमच्या विचारात आहेस किंवा नाहीस, आणि नसलास तर कशामुळे, हे सांगावे. गप्पा म्हणून नव्हे, लेखी. यादी प्रसिद्ध होईल तेव्हा त्यात नसलेल्या ज्येष्ठाविषयी दोन ओळी खऱ्या कारणाच्या असाव्यात. दुखापत असेल तर दुखापत, दुसरा अधिक चांगला असेल तर तसे. ‘विश्रांती’ हा शब्द १९९८ पासून इतका थकला आहे, की त्यालाच आता विश्रांती द्यावी. देशी हॉकी लीग सात वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. तेव्हा देशाच्या संघातून उतरलेल्या खेळाडूला दोन-तीन वर्षे खेळण्यास जागाही निर्माण झाली आहे. त्याला वेळेवर सांगितले, तर तो ती शोधील.

आणि आमच्या व्यवसायबंधूंनी, म्हणजे अर्थातच आम्हीही, खेळाडूने स्वतः सांगेपर्यंत त्याच्या निवृत्तीची बातमी ‘समजते’ ह्या क्रियापदावर छापू नये. आमच्या क्रीडाविभागास तशी सूचना आम्ही काल सायंकाळी दिली आहे.