वास गालिच्यातून घालवा, मुक्या जिवाला घरातून नको!

पावसाची पहिली सर येते, खिडक्या बंद होतात आणि दिवाणखान्यात एकदम तो उग्र वास दरवळू लागतो. गालिचा तर उन्हाळ्यातच झाडला होता, वर सुगंधी फवाराही मारला होता. मग वास आला कुठून? पाहुणे यायचे असतात. गृहिणी नाकाला पदर लावते आणि कोपऱ्यात झोपलेल्या कुत्र्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. ‘‘आता एक तर हा राहील, नाही तर गालिचा राहील,’’ हे वाक्य कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्या कितीतरी घरांत कधी ना कधी उच्चारले जाते.

खरे तर दोघेही राहू शकतात. त्यासाठी हा वास कशामुळे येतो आणि तो जात का नाही, हे समजून घ्यायला हवे.

रायपूर जिल्ह्यातल्या अभनपूरसारख्या गावात हा प्रश्न वर्षातून दोनदा डोके वर काढतो. पावसाळ्यात तर तो असतोच, पण भर उन्हाळ्यातही असतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दारे-खिडक्या लावून दिवसभर कूलर चालतो आणि कूलरची दमट हवा गालिच्यात शिरते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी घरांत पूर्वी सतरंजी अंथरत. ती उचलून धुतली, वाळवली की काम संपे. आता सोफ्यापुढे गालिचा आला. कुणाकडे भदोहीचा, कुणाकडे सरगुजातल्या मैनपाटच्या तिबेटी कारागिरांनी विणलेला लोकरी, तर कुणाकडे यंत्रावर तयार झालेला स्वस्त सिंथेटिक. सतरंजीसारखा तो रोज पाण्यात टाकता येत नाही.

वास परत परत का येतो?

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचे जिवाणू हळूहळू विघटन करतात, तेव्हा अमोनिया तयार होतो. नाकाला झोंबतो तो हा अमोनिया. पाणी उडून गेले तरी क्षार आणि इतर घटक धाग्यांच्या बुडाशी राहतात. हवा दमट झाली की ते ओलावा शोषून घेतात आणि वास पुन्हा जागा होतो. म्हणूनच हिवाळ्यात ‘गेला’ वाटलेला वास जूनमध्ये परत येतो.

मांजराच्या लघवीचा वास अधिक उग्र असतो. तिच्यात फेलिनिन नावाचा गंधकयुक्त घटक असतो आणि तो विघटित झाला की तो खास ‘बोक्याचा’ वास सुटतो. नसबंदी न केलेल्या बोक्यात हा घटक जास्त असतो.

गालिच्यावर दिसणारा डाग बशीएवढा असला, तरी खाली तो ताटाएवढा पसरलेला असू शकतो. लघवी लोकरीतून तळाच्या कापडात, तिथून खालच्या फोममध्ये आणि शेवटी फरशीत उतरते. सिमेंटची जमीनही ती शोषून घेते. वरवर पुसून किंवा अगरबत्ती लावून वास जात नाही, त्याचे कारण हेच. सुगंध वर राहतो, दुर्गंध खाली.

ताजा डाग : पहिली १० मिनिटे

डाग ओला असतानाच सापडला तर निम्मी लढाई जिंकलीच. जुना सुती पंचा किंवा टॉवेल घडी करून डागावर ठेवा आणि त्यावर पायाने दाब द्या. पंचा ओला झाला की दुसरा घ्या. कोरडा पंचा कोरडाच निघेपर्यंत हे करीत राहा. घासू नका, घासल्याने लघवी आणखी खोल जाते.

मग थोडे गार पाणी शिंपडून पुन्हा टिपून घ्या. गरम पाणी किंवा वाफेचे यंत्र वापरू नका. उष्णतेने डाग आणि वास धाग्यात पक्का बसतो.

जुना डाग : आधी शोधा, मग धुवा

जुना डाग डोळ्यांना दिसत नाही. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला अतिनील दिवा घ्या, खोलीत अंधार करा आणि गालिच्यावर फिरवा. वाळलेली लघवी पिवळसर-हिरवट चमकते. कपडे धुण्याच्या पावडरचे डागही चमकतात, तेव्हा शेवटचा निर्णय नाकावर सोपवा. खडूने खुणा करून ठेवा. शक्य असल्यास गालिचा उलटवून मागची बाजूही पाहा.

यानंतर पुढील क्रमाने काम करा :

• एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग गार पाणी एकत्र करा. खुणेपेक्षा थोड्या मोठ्या भागावर ते ओता आणि तळापर्यंत मुरू द्या. आम्ल असल्यामुळे व्हिनेगर अमोनियाला निष्प्रभ करते. १५ मिनिटांनी टिपून घ्या.

• भाग पुरता वाळला की खायचा सोडा भुरभुरवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने किंवा ब्रशने काढा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र कालवू नका. फेस छान येतो, पण दोघेही एकमेकांचा प्रभाव संपवतात.

• एवढ्याने वास गेला नाही, तर पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारा एन्झाइमयुक्त द्रव आणा. अभनपुरात नाही मिळाला, तर रायपूरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात चौकशी करा. वास निर्माण करणारे घटकच एन्झाइम मोडून काढतात. मात्र त्यांना वेळ लागतो. द्रव तळापर्यंत पोहोचला पाहिजे आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तो भाग ओलसर राहिला पाहिजे.

• खालचा फोम भिजला असेल तर तो बदलणेच स्वस्त पडते. फरशीही धुऊन, पूर्ण वाळवून मगच गालिचा अंथरा.

लोकरी गालिच्याला वेगळी वागणूक

लोकर म्हणजे प्रथिन. काही एन्झाइम प्रथिनेच पचवतात, म्हणजे डागाबरोबर गालिचाही! म्हणून ‘लोकरीसाठी सुरक्षित’ असे लिहिलेला द्रवच वापरा. धुण्याचा सोडा आणि ब्लीच लोकर खराब करतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग उडतो, तेव्हा ते फक्त फिक्या सिंथेटिक गालिच्यावर आणि तेही तीन टक्क्यांचेच वापरा. काहीही वापरण्याआधी कोपऱ्यात, मागच्या बाजूला थोडे लावून पाहा. पांढऱ्या फडक्याला रंग लागला तर थांबा. हाताने विणलेला महागडा गालिचा असेल, तर तो पूर्ण बुडवून धुणाऱ्या जाणकाराकडेच द्यावा.

वाळवताना गालिचा दोरीवर किंवा खाटेवर टाका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागेल. कडक उन्हात रंगीत बाजू खाली ठेवा. अर्धवट वाळलेला गालिचा अंथरला तर लघवीच्या वासाऐवजी कुबट वास वाट्याला येतो.

हे मुळीच करू नका

ब्लीच आणि लघवी यांची गाठ घालू नका. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचचा संयोग झाला की विषारी वायू तयार होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत दोन्ही घातक आहेत.

काळे फिनाइल मांजराच्या घरात नकोच. त्यातला फिनॉल पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते. ते फरशीवरून चालते, मग पंजे चाटते आणि विषबाधा होते. डांबराच्या गोळ्याही कुत्र्या-मांजरांना विषारी असतात. अमोनियायुक्त क्लीनरने तर उलटाच परिणाम होतो. जनावराला तो लघवीसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच बसते.

साफ करताना हातमोजे घाला. आजारी कुत्र्याच्या किंवा उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. कुत्र्याला त्याची लस देता येते. रांगते मूल असलेल्या घरात हे विसरू नये.

कुत्रा असे का करतो?

गालिचा धुऊन झाला, तरी हा प्रश्न उरतोच. नाक घासून किंवा मारून कुत्रा काहीच शिकत नाही. तो फक्त घाबरतो आणि पुढच्या वेळी सोफ्याच्या मागे लपून तेच करतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी, तसेच झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर बाहेर न्यावे लागते. बाहेर लघवी केली की लगेच पाठ थोपटा. मांजरे जितकी, त्यापेक्षा एक जास्त वाळूचा ट्रे ठेवा आणि तो रोज साफ करा. घाणेरडा ट्रे पाहून मांजर मऊ गालिचा शोधते. वयात आलेले नर हद्द आखण्यासाठी लघवी करतात. नसबंदीने हे बरेच कमी होते.

पण वर्षानुवर्षे शहाण्यासारखे वागलेले जनावर अचानक घरात लघवी करू लागले, तर तो खोडसाळपणा समजू नका. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मूत्रमार्गाचा संसर्ग, म्हातारपण यांपैकी काहीही असू शकते. बोका वारंवार बसतो, ओरडतो, पण थेंबच येतात, असे दिसले तर मूत्रमार्ग अडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठा. अभनपूरकरांना रायपूर जवळच आहे, शिवाय दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

गालिच्यावरचा डाग हा कधीकधी त्या मुक्या जिवाने पाठवलेला निरोप असतो. तो न वाचताच त्याला दूर रस्त्यावर सोडून येणारे लोक आहेत. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावराला सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी मुलांच्या डोळ्यांदेखत घरातला एक सदस्य हाकलून आपण त्यांना काय शिकवतो?

व्हिनेगरची बाटली, पावशेर सोडा आणि दोन जुने पंचे, एवढ्यावर बहुतेक घरांचा प्रश्न सुटतो. पाहुणे दिवाळीला येतील नि जातील. दारात शेपूट हलवत तुमची वाट पाहणारा मात्र वर्षभर तिथेच असेल.